वाचकांचे प्रश्न : जुना संगणक, विंडोज आणि लिनक्स

प्रश्न : माझ्याकडे २०१५ साली घेतलेला डेस्कटॉप आहे. त्यात इंटेलचा चौथ्या पिढीचा कोअर आय-३ प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि ५०० जीबीची हार्ड डिस्क आहे. विंडोज १० चे अपडेट बंद झाल्यामुळे नवा संगणकच घ्या, असे बर्डीवरच्या दुकानदाराने सांगितले. पुतण्या मात्र विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत कार्यप्रणाली टाका असे म्हणतो. माझे काम मराठी लेखन, बँकेचे व्यवहार, वीजबिल आणि निवृत्तिवेतनाची कागदपत्रे एवढेच आहे. बरेचसे जुने लेखन युनिकोड या सर्वमान्य अक्षरसंकेताच्या आधीच्या फॉन्टमध्ये असून टंकन मी इनस्क्रिप्ट पद्धतीने करतो. प्रिंटर एचपी लेझरजेट १०२० आहे. घरातील सर्व फोटो डी ड्राइव्हवर असल्यामुळे ते सुरक्षित राहतील, असे मी धरून चालतो. आपला सल्ला काय?
— एक निवृत्त शिक्षक, त्रिमूर्तीनगर, नागपूर

उत्तर : आपल्या पत्रातील शेवटचे गृहीतक आधी दुरुस्त करतो, कारण खरा धोका तिथेच आहे. आपल्याकडे संगणक ‘फॉरमॅट मारताना’ तंत्रज्ञ फक्त सी ड्राइव्ह पुसतो आणि डी ड्राइव्हला हात लावत नाही, त्यामुळे डी ड्राइव्हवर ठेवलेले कधीच जात नाही असा समज घरोघरी पक्का झालेला आहे. प्रत्यक्षात सी आणि डी हे बहुतेक घरगुती संगणकांत एकाच हार्ड डिस्कचे दोन भाग असतात, आणि लिनक्स टाकताना संपूर्ण डिस्क पुसण्याचा जो पर्याय नवख्या माणसाला सर्वांत सोपा वाटतो, तो निवडला की दोन्ही भाग एकदमच जातात. म्हणून फोटो आणि लेखन यांची एक प्रत वेगळ्या बाह्य डिस्कवर घेतल्याशिवाय पुतण्याला कीबोर्डजवळ बसू देऊ नये.

दुकानदाराचे म्हणणे अर्धे खरे आहे. विंडोज १० चे नियमित सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले. नोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांसाठी मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव मुदत जाहीर केली. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षाव्यवस्था आणि साधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे आपला संगणक त्या अटींत बसत नाही. परंतु अटीत न बसणारे यंत्र निकामी झाले असे होत नाही, आणि आपण सांगितलेल्या कामांसाठी ते आणखी काही वर्षे सहज पुरेल.

मात्र त्यावर थोडा खर्च करावा, आणि तो कोणत्याही सॉफ्टवेअरवर नव्हे तर एका एसएसडीवर, म्हणजे फिरते भाग नसलेल्या वेगवान डिस्कवर करावा. जुना संगणक संथ होण्याचे मोठे कारण बहुधा फिरती हार्ड डिस्क हेच असते. २५६ जीबीची साधी साटा एसएसडी आपल्याला पुरेल. जमल्यास डीडीआर-३ प्रकारची आणखी ४ जीबी रॅमही बसवावी, कारण आजकाल ब्राउझरच सर्वाधिक रॅम खातो आणि लिनक्स घेतल्याने त्यात फारसा फरक पडत नाही. एसएसडीचा दुसरा फायदा मला अधिक मोलाचा वाटतो. लिनक्स टाकताना जुन्या हार्ड डिस्कची केबल काढून ठेवावी आणि फक्त नव्या एसएसडीवरच इन्स्टॉल करावे, म्हणजे चुकीचा पर्याय निवडला गेला तरी विंडोज आणि फोटो यांना धक्का लागणे शक्यच नसते. काम झाल्यावर केबल पुन्हा जोडली की डी ड्राइव्हवरील फोटो लिनक्समधून दिसतात, आणि एखाद्या दिवशी विंडोजची गरज भासली तर संगणक सुरू होताना बूट मेन्यूतून जुनी डिस्क निवडता येते.

लिनक्सचे अनेक प्रकार आहेत. त्यांची तुलना करण्यात लोक महिने घालवतात. आपण तसे करू नये. लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती घ्यावी. ती हलकी आहे, तिची मांडणी विंडोजसारखी, म्हणजे खाली पट्टी आणि डाव्या कोपऱ्यात मेन्यू अशी आहे, आणि मिंट २२ या मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर ती उतरवून घेतली की काहीही इन्स्टॉल न करता थेट पेनड्राइव्हवरून संगणक चालवून पाहता येतो. या अवस्थेत आवाज, इंटरनेट, प्रिंटर आणि मराठी टंकन या चार गोष्टी तपासाव्यात. पेनड्राइव्हवरून चालताना वेग कमीच असतो, त्यावरून मत बनवू नये. प्रत्यक्ष इन्स्टॉल करताना संगणक यूपीएसवर असावा. मे महिन्यातल्या नागपूरच्या दुपारी, वीज केव्हाही जाऊ शकत असताना, हे काम न काढलेलेच बरे.

मराठीसंबंधी दोन वेगळे प्रश्न आहेत. नवे लेखन सोपे आहे : कीबोर्डच्या यादीत मराठी इनस्क्रिप्ट जोडले की आपला बसलेला हात तसाच चालतो. लिब्रेऑफिस रायटरमध्ये देवनागरीचा फॉन्ट आणि आकार इंग्रजीपासून स्वतंत्रपणे ठरवावा लागतो, हे ठाऊक नसल्यामुळे मराठी अक्षरे अचानक लहान किंवा वेगळीच दिसू लागली अशी तक्रार वारंवार येते. जुन्या लेखनाचे मात्र तसे नाही. युनिकोडपूर्व फाइलमध्ये प्रत्यक्षात मराठी अक्षरे साठवलेलीच नसतात. रोमन अक्षरांचे आणि चिन्हांचे संकेत असतात आणि फॉन्ट त्यांना मराठी रूप देतो. तो फॉन्ट लिनक्सवर बसवला तर बहुतेक मजकूर वाचता येईल, पण त्यात शोध घेता येणार नाही आणि फॉन्टसोबत आलेले विंडोजचे टंकन-सॉफ्टवेअर तिथे चालेल अशी आशा ठेवू नये. आपल्या सॉफ्टवेअरमध्ये युनिकोड रूपांतराची सोय असेल, तर विंडोज हाताशी आहे तोवरच सर्व फाइली रूपांतरित करून घ्याव्यात आणि त्यांतील रफार, जोडाक्षरे व ऱ्हस्व वेलांट्या डोळ्यांखालून घालाव्यात, कारण रूपांतरात चुका बहुधा तिथेच राहतात. लिनक्स महिनाभर उशिरा आले तरी चालेल, हे काम आधी व्हावे.

लेझरजेट १०२० चालतो. एचपीलिप हे सॉफ्टवेअर मिंटमध्ये मिळते; या प्रिंटरला त्याचा एक पूरक भाग इंटरनेटवरून घ्यावा लागतो आणि तो न घेतल्यास प्रिंटर यादीत दिसूनही कागद बाहेर येत नाही. बँक आणि महावितरणची कामे फायरफॉक्स किंवा क्रोममध्ये पूर्वीसारखीच होतील. हयातीचा दाखला आपण बोटाचे ठसे घेणारे यंत्र विंडोजला जोडून काढत असाल, तर ते यंत्र लिनक्सवर चालवण्याच्या खटपटीत पडू नये. जीवन प्रमाणची चेहरा ओळखण्याची सोय मोबाइलवर आहे, तीच वापरावी.

प्रश्न : मी एकाच डिस्कवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवले आहेत. लिनक्स वापरून विंडोजमध्ये गेलो की घड्याळ साडेपाच तास मागे असते. शिवाय लिनक्समधून डी ड्राइव्हवर काहीच साठवता येत नाही. डिस्क खराब झाली आहे का?
— एक विद्यार्थी, महाल, नागपूर

उत्तर : डिस्क बहुधा ठीक आहे. लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात जागतिक प्रमाणवेळ ठेवते आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजते. भारतीय वेळ साडेपाच तास पुढे असल्यामुळे फरक नेमका तेवढाच पडतो. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टंकित करण्याच्या खिडकीत, टाइमडेटसीटीएल या आज्ञेचा सेट-लोकल-आरटीसी हा पर्याय १ असा दिला (timedatectl set-local-rtc 1) की दोघांचे जुळते. दुसऱ्या अडचणीचे कारण विंडोजचे फास्ट स्टार्टअप असावे. ते चालू असताना ‘शट डाउन’ केल्यावरही विंडोज पूर्ण बंद होत नाही आणि लिनक्स त्या ड्राइव्हवर लिहिण्याचे टाळते. कंट्रोल पॅनेलमधील पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन ते बंद करावे.

प्रश्न : आमच्या दुकानात दोन जुने संगणक आहेत. एकावर टॅली आणि डिजिटल सहीचे टोकन वापरतो, दुसऱ्यावर ईमेल आणि मालाच्या याद्या. दोन्हीवर लिनक्स घ्यावे का?
— एक व्यापारी, इतवारी, नागपूर

उत्तर : दुसऱ्यावर अवश्य घ्यावे, पहिल्यावर घेऊ नये. टॅली विंडोजसाठी बनलेले आहे. वाइन नावाच्या सॉफ्टवेअरच्या आधाराने लिनक्सवर ते चालवण्याचे प्रयत्न लोक करतात, पण जीएसटी विवरणाच्या शेवटच्या दिवशी ते अडले तर दाद मागायला जागा उरत नाही. हिशोबाच्या जागी विंडोज ११ चालणारा नवा संगणक घ्यावा आणि तो येईपर्यंत जुन्यावर वाढीव अपडेटची नोंदणी करून घ्यावी.