आश्रमशाळेला द्यायच्या पत्रात आजाराचं नाव लिहू नका

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. एचआयव्ही असलेला दहा वर्षांचा मुलगा, आई-वडील दोघंही गेलेले, औषध न्यायला आजी येते, डबीत दर महिन्याला गोळ्या उरतात. आणि आता आश्रमशाळेचे अधीक्षक म्हणतात, दर महिन्याला सुट्टी कशाला लागते ते दवाखान्याच्या पत्रावर लिहून आणा. मी धुळे-नंदुरबार पट्ट्यात अकरा वर्षं एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात तिथे, समुपदेशक होते. असंच पत्र मी एका मुलीसाठी लिहिलं होतं. ते आजही माझ्या डोक्यातून जात नाही.

डोस, वजनाचे टप्पे, व्हायरल लोड (रक्तात विषाणू किती, ती तपासणी) कधी पाठवायचा, हे तुम्हाला येतच असणार. त्यात शिरत नाही.

ती मुलगी आठ वर्षांची. मला वाटलं, शाळेत एकाला तरी खरं माहीत असलं तर गोळी वेळेवर पोटात जाईल. केंद्राच्या लेटरहेडवर 'सदर बालिका एआरटी उपचार घेत आहे' असं लिहिलं आणि खाली गोल शिक्का मारला. संमतीचा कागद आजीला मराठीत घाईघाईनं वाचून दाखवला. त्यांची बोली पावरी. त्या मान हलवत राहिल्या, मी ते 'हो' धरलं. अंगठा उमटवून त्यांनी शाई लुगड्याच्या काठाला पुसली आणि पत्र उघडंच हातात घेऊन निघाल्या. पाकीटसुद्धा चिकटवलं नव्हतं मी.

शाळेत ते आवक रजिस्टरला चढलं. 'विषय' या रकान्यात काय लिहिलं गेलं असेल, ते तुम्हीच समजा. आठ दिवसांत मुलीचं ताट-पेला वेगळा झाला, अंथरूण दाराशी गेलं. पुढच्या पंधरवड्यात 'प्रकृतीच्या कारणास्तव' घरी पाठवलं. वरच्या कार्यालयात गेले तर तीन टेबलं फिरवली. एक जण म्हणे, लेखी द्या. म्हणजे पोरीचं नाव पुन्हा कागदावर! दुसरे म्हणे, बाकीच्या पालकांचाही विचार करा. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. शाळेत भेदभाव करायचा नाही, संमतीशिवाय कोणाचा आजार उघड करायचा नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. त्याची प्रत माझ्या पिशवीत होती. कोणी हातात घेतली नाही.

दिवाळीनंतर काका तिला ऊसतोडीला गुजरातेत घेऊन गेले. चार महिने औषध बंद. होळीला परत आली तेव्हा मानेला गाठी होत्या, टीबी निघाला. मुलगी वाचली. शाळा मात्र सुटली ती सुटलीच.

म्हणून माझं ठाम मत, कोणाला पटो न पटो: साध्या कागदावर, बालरोग तज्ज्ञांच्या किंवा वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या सहीनं एवढंच लिहा, की मुलाला रोजचं औषध सुरू आहे, तपासणीसाठी महिन्यातून एक दिवस सुट्टी लागेल. एआरटी हा शब्द नको, केंद्राचा शिक्का नको. कोणी खोदून विचारलं तर 'डॉक्टरांना भेटा' म्हणा. मी वकील नाही, तुमच्या केंद्राच्या डॉक्टरांना विचारूनच करा. पण कागद एकदा सरकारी दप्तरात गेला की परत येत नाही, हे मी भोगलंय.

आता उरणाऱ्या गोळ्या. आधी पोराला एकट्याला विचारा, आजीसमोर नको. बहुतेक वेळा गोळी कुठे लपून खायची हाच प्रश्न असतो. आमचा एक मुलगा गोळ्यांची डबी खडखडते म्हणून ती उघडतच नव्हता. झाकणाखाली कापसाचा बोळा घातला आणि प्रश्न सुटला. 'ताकदीची गोळी आहे' असं तर कधीच सांगू नका. पोरं कबड्डीत जिंकली की ताकद आली म्हणून गोळी सोडतात. दहा वर्षांच्या मुलाला 'तुझ्या रक्तात एक जंतू आहे, गोळी त्याला झोपवून ठेवते, बंद केलीस की तो उठतो' एवढं कळतं. आजाराचं नाव पुढच्या एक-दोन वर्षांत, आजीला विश्वासात घेऊन. उशीर केलात तर पोरगा ते बाहेरून ऐकेल आणि मग तुमच्यावरही विश्वास ठेवणार नाही.

अजून एक, कारण हे कोणी सांगत नाही. शाळेत आठवड्याला लोहाची गोळी देतात. मुलगा डोल्युटेग्राव्हिर या एचआयव्हीच्या औषधावर असेल तर ती आणि ही उपाशीपोटी एकत्र नको. जेवणासोबत दोन्ही चालतात, नाहीतर आपली गोळी दोन तास आधी किंवा सहा तास नंतर. गोळी तीच, घेतोही नियमित, तरी व्हायरल लोड उतरत नसेल तर हे आधी तपासा.

एसटीच्या सवलतीचा कागद आजीला देणार असाल तर आधी विचारा, त्यांना तो गावच्या गाडीत दाखवायचा आहे का. आमच्या कितीतरी बायका पूर्ण तिकीट काढून यायच्या, कारण कंडक्टर ओळखीचा.

आणि संमती घेताना त्यांच्या बोलीतलं माणूस शेजारी बसवा, पण त्यांच्या गावचं नको. वाचून झालं की त्यांनाच विचारा, 'माय, तू शाळेत काय सांगशील?' त्यांनी आपल्या शब्दांत सांगितलं तरच शाईचं पॅड पुढे करा.

अधीक्षक त्या साध्या पत्रावर अडले तर इथे लिहा. पुढे कोणाकडे जायचं ते बघू.