‘कनेक्ट होत नाही’ म्हणजे नेमके काय होत नाही?

सोलापुरात मागांचे नियंत्रक-बोर्ड बनवणारे आणि दुरुस्त करणारे वाचक निरनिराळे प्रश्न विचारतात, पण गोंधळ बहुधा एकच असतो: डीबगरचा (चिपशी जोडून दोष शोधणाऱ्या साधनाचा) त्रोटक संदेश.

प्रश्न : ओपनओसीडी (संगणकावरून चिपशी बोलणारे डीबग-सॉफ्टवेअर) ‘ओपन फेल्ड’ दाखवतो. चिप जळाली का? (अक्कलकोट रोड एमआयडीसी)

या संदेशावरून तसे म्हणता येत नाही. संगणकाला एसटी-लिंक प्रोबच (संगणक आणि बोर्ड यांना जोडणारे उपकरण) उघडता आलेला नाही, तेव्हा आधी यूएसबी केबल आणि ड्रायव्हर तपासा.

प्रश्न : एसटीएम३२एफ१०३ या नियंत्रक-चिपचा ओळख-क्रमांक १ ऐवजी २ ने सुरू होतो. विक्रेता म्हणतो, सॉफ्टवेअरमधील हा क्रमांक तपासणारी ओळ बदला. बदलू का? (होटगी रोड)

बदलू नका. एसडब्ल्यूडीवर (दोन तारांच्या डीबग-जोडणीवर) या चिपचा क्रमांक १ नेच सुरू व्हायला हवा. २ आल्यास ती दुसऱ्या बनावटीची असल्याचा दाट संशय घ्यावा. माल परत घ्यावा लागू नये म्हणूनही विक्रेता असा सल्ला देत असू शकतो. उरलेल्या चिपा बोर्डावर चढवण्यापूर्वी अधिकृत वितरकाला दाखवा.

प्रश्न : आमच्या चाचणी-सॉफ्टवेअरमध्ये ‘टार्गेटशी जोडणी अयशस्वी’ (टार्गेट म्हणजे तपासायचा बोर्ड) एवढा संदेश पुरेसा नाही का?

अजिबात नाही, आणि हे मी वर्षानुवर्षे सांगत आलो आहे. एका कारखान्यात चाचणीच्या टेबलावरील मुलाने याच संदेशापायी तीन चांगले बोर्ड भंगारात टाकलेले मी पाहिले. बोर्डाला वीज देणारी तार कनेक्टरमधून निसटली होती. एसटी-लिंक टार्गेटचे व्होल्टेज मोजतो, म्हणजे ३.३ ऐवजी शून्याच्या आसपासचा आकडा सॉफ्टवेअरच्या हाती होता, तरी तो पडद्यावर आला नाही. कोणत्या पायरीवर काम थांबले, काय अपेक्षित होते, प्रत्यक्षात काय मिळाले आणि आता काय तपासायचे, हे संदेशात असलेच पाहिजे. जेटॅग या दुसऱ्या डीबग-जोडणीवरील चिपांची साखळी वाचताना ओपनओसीडी ‘सगळे शून्य’ आणि ‘सगळे एक’ असा भेद सांगतो. तेवढ्यानेही कोणत्या तारेकडे पाहावे याचा अंदाज येतो. मात्र ‘चिप खराब’ असा निकाल सॉफ्टवेअरने देऊ नये. दिसले ते सांगावे आणि कारण शक्यता म्हणून मांडावे. संदेश कायम करण्याआधी सर्किट आखणाऱ्याला व टेबलावर बसणाऱ्याला ते वाचून दाखवा.

प्रश्न : चार महिन्यांपासून अधूनमधून हार्डफॉल्ट (प्रोसेसरला पुढे जाऊ न देणारी गंभीर चूक) येतो. रीसेट केल्यावर माग चालतो. पुरेसे आहे ना?

चार महिने थांबायलाच नको होते. रीसेटने सीएफएसआर या, चुकीचे कारण नोंदवणाऱ्या रजिस्टरमधील खुणा पुसल्या जातात, म्हणून आधी ते आणि हार्डफॉल्टचे एचएफएसआर वाचून लिहून ठेवा. बीएफएआर या रजिस्टरमधील, चूक घडवणाऱ्या मेमरी-जागेचा पत्ता त्याची वैधतेची खूण लागलेली असेल तरच खरा मानावा. ही नोंद, बोर्डात भरलेल्या नेमक्या आवृत्तीच्या ईएलएफ फाइलसह (पत्त्यावरून कोडची ओळ शोधता येणारी फाइल), फर्मवेअर लिहिणाऱ्याकडे याच आठवड्यात घेऊन जा.