इंग्रजी वाक्प्रचार: समजावेत भरपूर, वापरावेत बेताने

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा निबंध वाचला. त्यात इंग्रजी वाक्प्रचारांची इतकी गर्दी झाली आहे की मूळ मुद्दा शोधावा लागतो. वाक्प्रचार समजावेत शेकडो. पण लिहिताना तेवढेच घ्यावेत, जे निरनिराळ्या लेखकांच्या वाक्यांत आपण पुन्हा पुन्हा वाचले आहेत.

नुसता अर्थ कळून भागत नाही. ‘किक द बकेट’ म्हणजे मरणे, हे कोणताही कोश सांगेल. परंतु त्याचा सूर आपल्या ‘गचकणे’सारखा आहे, आणि सांत्वनाच्या पत्रात तो लिहिणे म्हणजे शोकाकुल माणसाची थट्टा करणे होय. चांगल्या कोशात अर्थाबरोबर ‘अनौपचारिक’, ‘विनोदी’, ‘जुनाट’ अशी खूणही छापलेली असते. तीही अर्थाइतक्याच काळजीने वाचावी.

रचनेचा प्रश्न याहून नाजूक आहे. ‘स्पिल द बीन्स’ म्हणजे गुपित फोडणे. याचा कर्मणी प्रयोग चालतो, ‘द बीन्स वेअर स्पिल्ड’ म्हटले तरी गुपित फुटतेच. कारण ‘बीन्स’ म्हणजे गुपित आणि ‘स्पिल’ म्हणजे फोडणे, अशी अर्थाची वाटणी करता येते. ‘बकेट’च्या वाट्याला मात्र स्वतंत्र अर्थ येतच नाही, म्हणून ‘द बकेट वॉज किक्ड’ म्हणताच मृत्यू नाहीसा होतो आणि उरते ती लाथ खाल्लेली बादली.

प्रदेशही पाहावा. ब्रिटनमध्ये प्रस्ताव ‘टेबल’ करणे म्हणजे तो चर्चेला घेणे, तर अमेरिकेत तो बाजूला ठेवणे. दुसऱ्या महायुद्धात याच एका क्रियापदावरून ब्रिटिश आणि अमेरिकी अधिकाऱ्यांत बराच वेळ कडाक्याचा वाद झाला आणि शेवटी दोन्ही बाजूंना एकच गोष्ट हवी असल्याचे निघाले, असे चर्चिल यांनी आपल्या युद्धस्मृतींत नोंदवले आहे.

व्युत्पत्तीच्या सुरस कथांवर मात्र फार विसंबू नकोस. ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’ (म्हणजे मुसळधार पाऊस पडणे) याच्या संदर्भात गवती छपरांवरून घसरणाऱ्या कुत्र्यामांजरांची जी गोष्ट फिरते, तिला कसलाही आधार नाही.

आता निबंधातील सारे वाक्प्रचार काढून तो साध्या वाक्यांत पुन्हा लिही. जेथे साधे वाक्य खरोखरच अपुरे वाटेल, तेथेच एखादा परत आण, आणि तो का आणलास हे समासात लिहून मला पाठव.

तुझा हितचिंतक