ईस्टर कॅथलिकांसाठी नाताळपेक्षा मोठा का? आणि मेलेला माणूस उठतो हे शिकलेली माणसंही खरंच मानतात का?

तुम्ही विचारलेल्या या प्रश्नातल्या ‘शिकलेली माणसंही’ यातला ‘ही’ मला टोचला. आधी चिडले, मग लिहायला बसले. पण हाच प्रश्न मला घरातही एकदा ऐकावा लागला आहे, आणि तो विचारणारा माझा सख्खा मोठा भाऊ होता, जो एकही रविवार मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) चुकवत नाही. तेव्हा तुमच्यावर राग काढून उपयोग नाही.

पहिला भाग लवकर संपतो. ईस्टर म्हणजे क्रुसावर मेलेला येशू तिसऱ्या दिवशी कबरीतून उठला त्याचा सण. बायबलमध्ये येशूची कहाणी सांगणारी चार शुभवर्तमानं आहेत. मार्कच्या शुभवर्तमानात येशूच्या जन्माची गोष्टच नाही. योहानातही गोठा नाही की मेंढपाळ नाहीत. रिकामी कबर मात्र चारही शुभवर्तमानांत आहे. जन्माच्या गोष्टीवाचून दोन शुभवर्तमानकारांचं भागलं, कबरीवाचून एकाचंही भागलं नाही. म्हणून ईस्टर मोठा.

दुसरा भाग. हो, मानतो. प्रतीक म्हणून नाही. ईस्टर म्हणजे नवी पालवी, अंधारानंतरचा उजेड, मनाची उभारी, असं कोणी बोलू लागलं की माझं डोकं फिरतं. शुभेच्छापत्रावर छापायला ते ठीक आहे. पालवी फुटायला कोणाला क्रुसावर मरावं लागत नाही. बायबलमध्ये संत पौलाने करिंथच्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या १५व्या अध्यायात पळवाटच ठेवलेली नाही: ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास व्यर्थ. त्याच अध्यायात ‘मेलेले उठतात ते कसे, कोणत्या शरीराने?’ असं विचारणाऱ्याला तो आधी सरळ ‘मूर्खा’ म्हणतो आणि मग पेरलेल्या दाण्याचं उदाहरण देतो. म्हणजे तुमचा प्रश्न चांगला जुना आहे आणि तुम्हाला माझ्याकडून जरा बरी वागणूक मिळते आहे.

आता खरं काय ते सांगते.

माझी आई १९ एप्रिल २०१४ ला पहाटे गेली. तो पवित्र शनिवार होता, गुड फ्रायडे आणि ईस्टरच्या मधला. चर्चच्या वर्षात याच्याइतका रिकामा दिवस दुसरा नाही. वेदीवरचं कापडसुद्धा काढून ठेवलेलं असतं. पवित्र भाकर ठेवायची पेटी रिकामी, तिचं दार सताड उघडं. घंटा गुरुवारी संध्याकाळपासून मुक्या. कम्युनियन, म्हणजे ती पवित्र भाकर, फक्त मरणाच्या दारात असलेल्याला; आईला ते शुक्रवारी रात्री मिळालं होतं. आणि रात्रीच्या जागरणापर्यंत, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या उपासनेपर्यंत, मिस्सा कुठेही नसते. दफन करता येतं, वाचन आणि प्रार्थना होतात, पण अंत्यविधीची मिस्सा होत नाही.

दादाला हे पटेना. त्याचं म्हणणं, सोमवारपर्यंत थांबू, शवागारात ठेवू, पण आईला मिस्सेशिवाय पुरायचं नाही. जन्मभर रोज सकाळी चर्चला जाणारी बाई आणि तिच्याच वाट्याला हे? बाबा एवढंच म्हणाले, “तिला थंडी सोसत नाही.” मी बाबांच्या बाजूने बोलले. दादा फादरांशीही भांडून आला. फादर त्याला म्हणाले, “आज दिवसा जगात कोणासाठीच मिस्सा नाही. पोप वारले असते तरी नसती.” दादाला ते उद्धट वाटलं. मला वाटलं, आज आई पोपांच्या बरोबरीची झाली.

चार वाजता दफन झालं. मूठभर माती टाकायची असते तशी टाकली.

त्या रात्रीच्या जागरणात माझं वाचन होतं, महिनाभर आधी ठरलेलं. जागरणात जुन्या करारातली सात वाचनं असतात, मग एक पत्र आणि शेवटी शुभवर्तमान. पत्र माझ्याकडे होतं. दुसऱ्या कोणाला सांगावं म्हणून फोन हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला. मी चपला घालत होते तेव्हा दादा दारात उभा राहिला. म्हणाला, “आईला पुरून चार तास नाही झाले आणि तू आलेलुया म्हणायला निघालीस? तुला खरंच वाटतं ती उठणार आहे?”

मी काहीच बोलले नाही. उत्तर होतं म्हणून नव्हे, सुचलंच नाही म्हणून. (हे उत्तर लिहिण्यामागचं खरं कारण तुमच्या लक्षात आलंच असेल.)

बाहेर अंधारात विस्तव पेटवला होता. फादरांनी पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या, मोठ्या मेणबत्तीवर क्रूस कोरला, वर आल्फा, खाली ओमेगा (ग्रीक वर्णमालेचं पहिलं आणि शेवटचं अक्षर), आणि चार कोपऱ्यांत वर्षाचे आकडे: दोन, शून्य, एक, चार. दुपारी दफनभूमीत लाकडी क्रुसावर रंगवलेले हेच चार आकडे मी पाहून आले होते. मग ख्रिस्ताच्या पाच जखमांसाठी धुपाचे पाच खडे त्यात खोचले. त्या ज्योतीवरून आमच्या मेणबत्त्या पेटल्या. पास्काची घोषणा गायली गेली. तिच्यात मेण बनवणाऱ्या मधमाश्यांचंही नाव येतं, ते आईला फार आवडायचं. माझ्या मेणबत्तीचं मेण अंगठ्यावर ओघळलं. ते काढायला बोट वळवलं तर नखात दुपारची माती.

पत्र रोमकरांना लिहिलेलं, सहावा अध्याय. बाप्तिस्म्याने आपण ख्रिस्ताबरोबर पुरले गेलो, म्हणजे तो उठला तसं आपणही नव्या जीवनात चालावं. मी ‘पुरले’पर्यंत आले आणि थांबले. किती वेळ ते माहीत नाही. लोकांना वाटलं असेल ओळ हरवली. ओळ समोरच होती, बोटाखाली, आणि बोटाच्या नखात आई जिथे होती तिथली माती होती. धर्मशिक्षणाच्या वर्गात हे वाक्य शंभरदा ऐकलं असेल. पुरणं म्हणजे काय ते त्या दिवशी चार वाजता कळलं होतं, आणि आता पौल म्हणत होता की तुझ्या आईला एकदा आधीच पुरलेलं आहे, ती तान्ही असताना, डोक्यावर पाणी ओतून. आज झालं ते नवीन नाही.

मी पुढे वाचलं. लगेच फादरांनी आलेलुया, म्हणजे ‘देवाची स्तुती करा’, सुरू केला. ईस्टरआधीच्या उपवासकाळभर हा शब्द चर्चमध्ये उच्चारलाही जात नाही, त्या रात्री तो तीनदा, प्रत्येक वेळी वरच्या पट्टीत येतो. सगळं चर्च गात होतं. मी तोंड उघडलं, आवाज निघाला नाही. तेव्हा दादाचा आरोप तांत्रिकदृष्ट्या खोटा आहे. आलेलुया मी म्हटलाच नाही.

त्या वर्षी शुभवर्तमान मत्तयाचं होतं. त्यात बायका कबरीपासून धावत निघतात त्या भीतीने आणि मोठ्या आनंदाने, दोन्ही एकदम. मत्तयाने दोनांतलं एक निवडलेलं नाही. पहाटे कबरीवर त्या काही आशा घेऊन गेल्या नव्हत्याच. मार्क आणि लूक सांगतात की त्यांच्या हातात सुगंधी द्रव्यं होती, म्हणजे मृतदेहाला लावायची तयारी. ‘धोंड कोण लोटेल’ ही त्यांची काळजी. आशा ही आपल्या स्वभावात असते, जप करून अंगी बाणवता येते, असं मानणाऱ्यांनी या बायकांकडे बघावं. त्यांच्याकडे नव्हती, ती त्यांना तिथे जाऊन मिळाली.

म्हणून दफनाच्या वेळी ‘रडू नका, विश्वास ठेवा’ म्हणणाऱ्यांचा मला दादापेक्षाही जास्त राग आहे. आमच्याकडे असे तिघे आले होते. येशूने आपल्या मेलेल्या मित्राला, लाजरसाला, उठवलं; तो उठणार हे येशूला माहीत होतं, तरी त्याच्या कबरीकडे जाताना येशू रडला. मग आम्ही का नाही? आणि लाजरसाचं उठणं वेगळं, तो मागे आला आणि पुढे पुन्हा मेला असणार. येशू मागे आला नाही, पुढे गेला. उठल्यानंतर तो दार बंद असताना आत येतो, भाजलेला मासा खातो, आणि हातापायांच्या जखमा तशाच आहेत. भरलेल्या नाहीत, पुसलेल्या नाहीत. शंका घेणाऱ्या शिष्याला, थोमाला, त्या दाखवतो.

आम्ही आत्मा अमर आहे एवढ्यावर थांबत नाही, हे कितीतरी कॅथलिकांनाही माहीत नसतं. प्रेषितांच्या विश्वासांगीकारात, म्हणजे आम्ही काय मानतो ते सांगणाऱ्या प्रार्थनेत, ‘देहाचे पुनरुत्थान’ असे शब्द आहेत. आईच्या उजव्या हाताची तर्जनी लहानपणी मोडून वाकडी बसली होती. तिने कोणाकडे बोट दाखवलं की शेजारचा दचकायचा. ते बोट तिला परत मिळेल का, आणि मिळालं तर वाकडंच का, असं मी फादरांना विचारलं होतं. ते हसले आणि म्हणाले की ‘कसं’ हे आपल्या कल्पनेपलीकडचं आहे, असं धर्मशिक्षणग्रंथातच लिहिलंय. मला वाकडंच हवं आहे. जखमा राहू शकतात तर बोट का नाही? दहन केलेल्यांचं काय, असं कोणी विचारायच्या आधीच सांगते: दहनाला चर्चची १९६३ पासून परवानगी आहे. देवाला मातीतून जमतं ते राखेतून अडणार नाही.

आता तारखेचं. तुम्ही विचारलेलं नाही, पण आमच्या घरातलं भांडण याच्यावरच आहे. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा रविवार म्हणजे ईस्टर, त्यामुळे तो २२ मार्च ते २५ एप्रिल या दरम्यान कुठेही पडतो. (पौर्णिमा चर्चच्या गणिताची, आकाशातली नव्हे, पण ते सोडा.) दादा आईचा स्मृतिदिन १९ एप्रिललाच धरतो आणि त्या दिवशी मिस्सा लावतो. मी पवित्र शनिवार धरते, मग तो कधीही येवो. २०१६ ला ईस्टर २७ मार्चला आला, तेव्हा माझी आई त्याच्या आईच्या साडेतीन आठवडे आधी गेली. दादाचं म्हणणं, मी आईच्या नावाने मिस्सा लावतच नाही. बरोबर आहे. त्या दिवशी मिस्सा नसतेच, मी रात्री जाऊन जागरणात बसते. २०१९ ला त्याची तारीख गुड फ्रायडेवर आली, त्या दिवशीही मिस्सा नसते, तर याने बुधवारीच मिस्सा उरकली आणि मला कळवलंही नाही.

सल्ला हवा असेल तर हा: घरात नुकतं कोणी गेलं असेल तर ईस्टरच्या सकाळी फुलं आणि नवे कपडे बघायला जाऊ नका, शनिवारी रात्री जा. अंधार असतो, रडलेलं दिसत नाही. भाऊ काय म्हणेल याचा विचार करू नका.

हे सगळं मी चर्चमध्ये वाचन करणारी एक साधी बाई म्हणून लिहिलं आहे, ईश्वरज्ञान शिकलेली नाही. ज्याला त्या रात्री जाववत नसेल त्याने घरी बसावं, त्यात विश्वास कमी पडत नाही. आणि दादाही पूर्ण चुकीचा नव्हता. अंत्यविधीची मिस्सा आमच्यात मोठी गोष्ट आहे, आईची मिस्सा सोमवारी झाली तेव्हा सगळ्यात मोठ्याने तोच गात होता. बाबांना थंडीचं ते वाक्य कुठून सुचलं कोणास ठाऊक, आईला तर कायम उकडायचं.

२०२५ साली ११ वर्षांनी दोन्ही दिवस एकत्र आले. पवित्र शनिवार, १९ एप्रिल. शुक्रवारी दादाचा फोन आला, “उद्या मिस्सा नाही ना कुठे? मग आता काय करायचं?” मी म्हटलं, “रात्री ये.” तो आला नाही. सोमवारी पोप फ्रान्सिस गेले. आदल्या दिवशी त्यांनी बाल्कनीतून ईस्टरचा आशीर्वाद दिला होता. दादाने लगेच फोन करून ऐकवलं, “बघ, पोपसुद्धा सण होऊ देऊन गेले. त्यांना मिस्सा मिळणार.” मी फोन ठेवणार होते. तेवढ्यात तो म्हणाला, “शनिवारी तुझं वाचन कोणतं होतं? तेच का?”

तेच होतं, म्हटलं. या वेळी न थांबता वाचलं.