हिकरी तोडायची घाई नको

ताई, तुम्ही विचारलंत की जूनमध्ये नाशिकहून नॉर्थ कॅरोलायनात सदर्न पाइन्सजवळ राहायला येताय, मागच्या अंगणात घराचा एजंट ज्याला 'हिकरी' म्हणाला ते झाड आहे, ते काढून आंबा आणि भाजी लावावी का. मी याच भागात चौदा वर्षं आहे. व्हिसा, शाळा, विमा यांवर सांगणारे पुष्कळ भेटतील, मी झाडाचंच सांगतो.

आंबा विसरा. हिवाळ्यात पारा शून्याखाली जातो, रोप एक थंडी काढणार नाही.

इथली माती वाळूसारखी नाही, वाळूच आहे. म्हणून तर या पट्ट्याला सँडहिल्स म्हणतात. बादलीभर पाणी ओता, बघता बघता जिरतं. त्यात जी झाडं टिकतात त्यांतलंच एक म्हणजे सँड हिकरी. ती असावी, असा माझा अंदाज. पान उलटं करून बघा: कडुनिंबासारखी एका देठावर पानं, पण बहुतेक सातच, आणि खालची बाजू फिकट, चंदेरी झाक असलेली. अक्रोडाच्या कुळातलं झाड आहे, पिकान नावाचा सुकामेवा खाता ना, तेही हिचंच भावंड. सोटमूळ खोल जातं, म्हणून कोरड्या उन्हाळ्यातही ती हिरवी राहते. मी एकदा कुंपणाजवळचं हातभर रोप हलवायला गेलो. फावड्याने दोन फूट खणलं तरी मूळ संपेना. शेवटी तुटलं, रोप मेलं. म्हणजे एकदा तोडलीत की दुसरीकडून मोठी आणून लावता येईल, हे डोक्यातून काढा.

भाजीसाठी उन्हाच्या बाजूला लाकडी चौकट ठोका, कंपोस्ट भरा. मेथी, कोथिंबीर छान येते. तोडायचंच ठरलं तर आधी सोसायटीचे नियम वाचा, काही ठिकाणी परवानगी लागते. बुंध्यावर केसाळ वेल चढलेली दिसली आणि तिला तीन-तीन पानं असली तर हात लावू नका, ती पॉयझन आयव्ही. अंगावर आठवडाभर खाज सुटते. झाडीत फिरून आलात की पोरांच्या पोटऱ्या, काखा तपासा, गोचिडी फार.

फळं सप्टेंबर-ऑक्टोबरात पडतात. आमच्या पत्र्याच्या शेडवर रात्री ठण्ण वाजलं की बायको अजूनही दचकते. गाडी खाली उभी करू नका. साल चार फाकांत उकलते, आत लहान, कठीण कवचीचं फळ. गर गोड, पण इतका थोडा की तासभर ठोकून जेमतेम वाटी भरते. खारी बहुतेक आधीच नेतात.

इथले मूळ रहिवासी सोलत बसत नसत. कवचीसकट कुटून पाण्यात उकळायचे आणि दुधासारखं पेय गाळून घ्यायचे. 'हिकरी' हा शब्दही व्हर्जिनियातल्या मूळ भाषेतल्या त्या पेयाच्या नावावरून आला. मी तसंच करून पाहिलं: कुटलं, उकळलं, मलमलच्या फडक्यातून दोनदा गाळलं, तांदळाच्या खिरीत घातलं. नारळाच्या दुधापेक्षा पातळ, पण वास खमंग. मुलांनी वाटी चाटली.

सामानात जागा असेल तर लोखंडी खलबत्ता आणा. तिकडचा मिक्सर नको, इथे वीज 120 व्होल्टची आहे, तो नीट चालणार नाही.