उद्देश उतरवून काढू नका

सात जण जमले, संस्था नोंदवताय, छान. पण ज्ञापनातले (नोंदणीसाठी संस्थेचं नाव, उद्देश लिहून द्यायचा कागद) उद्देश दुसऱ्या संस्थेचे जसेच्या तसे घेऊ नका. आम्ही घेतले होते, वृक्षारोपणापासून वधू-वर मेळाव्यापर्यंत बावीस! (मेळावा कुणी घातला, अजून कळलेलं नाही.) कायद्यासाठी यादी थोडी ऐसपैस असू द्या, कारण नंतर बदल करणं किचकट असतं. त्याखेरीज एक वाक्य मात्र स्वतःचं हवं: कुणासाठी, काय, कुठे.

रयत शिक्षण संस्था बघा. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावी सुरू केली. ब्रीद एवढंच, ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’. यातला ‘स्वावलंबी’ हा शब्द शोभेचा नव्हता. मुलं श्रम करून शिकत, ‘कमवा आणि शिका’ ही योजना त्यातूनच आली.

‘समाजाचा सर्वांगीण विकास’ लिहिलं असेल तर सरळ खोडा. त्या वाक्याच्या जोरावर कुणालाच नाही म्हणता येत नाही. उद्या एखादा देणगीदार म्हणेल, पैसे देतो, पण क्रिकेटचे सामने भरवा. तेव्हा तुमचं ते स्वतःचं वाक्य वाचून दाखवता आलं पाहिजे.

त्या वाक्याचा मसुदा झाला की पाठवा. दोन ओळींपेक्षा लांबला तर आधी तुम्हीच कात्री लावा.