लिमिट होल्डेममध्ये (ठरलेल्या रकमेच्याच बेट लावायच्या पोकरमध्ये) फ्लश ड्रॉ (बदाम-इस्पिकसारख्या एकाच चिन्हाचे चार पत्ते, फ्लशसाठी पाचवा यायचा) असताना रेझ (बेट वाढवणे) कधी करावा, नुसता कॉल (समोरच्याइतकेच पैसे घालणे) कधी?

आधी डोकी मोजा. फ्लॉपवर (टेबलावर सगळ्यांचे पहिले तीन पत्ते उघडल्यावर) फ्लश ड्रॉ असेल तर कामाचे पत्ते नऊ, आणि रिव्हरपर्यंत (पाचव्या, शेवटच्या उघड्या पत्त्यापर्यंत) फ्लश लागण्याची शक्यता साधारण 35 टक्के. समोर तिघे पैसे घालत असतील तर प्रत्येक बेटमधला तुमचा वाटा फक्त 25 टक्के. म्हणजे हातात अजून काहीच नसताना रेझ फायद्याचा! समोर दोघेच असतील तर जेमतेम बरोबरी.

पण बसलात कुठे, हेही बघा. बेट तुमच्या लगेच आधीच्याने लावली आणि तुमच्यामागे दोघे-तिघे बोलायचे बाकी असतील, तर रेझ करून त्यांना पळवू नका, कॉल करा. गिऱ्हाईक हाकलून धंदा होत नाही.

समोर एकटाच असेल तर रेझ परवडायला तो कधीतरी फोल्ड करणारा, म्हणजे पत्ते टाकणारा हवा. लिमिटमध्ये पॉटच्या (मधे जमलेल्या पैशांच्या) मानाने बेट लहान, त्यामुळे कमी पैशांच्या टेबलांवर लोक सहसा पत्ते टाकत नाहीत.

शेवटी बोलणार असाल तर एक जुनी युक्ती: 10-20 च्या खेळात (फ्लॉपपर्यंत बेट 10 ची, पुढे 20 ची) फ्लॉपवर 10 जास्त घालून रेझ करा. टर्नवर (चौथ्या उघड्या पत्त्यावर) बाकीचे चेक करतात (पैसे न घालता पुढे जातात), तुम्हीही चेक करा, 20 वाचले. समोरच्याने पुन्हा रेझ केला की मात्र युक्ती फसली.

टर्ननंतर उरलेल्या 46 पत्त्यांत नऊच कामाचे, 20 टक्क्यांहून कमी. तिथे समोर निदान पाच जण नसतील तर कॉलच बरा. बोर्डवर (टेबलावरच्या उघड्या पत्त्यांत) जोडी पडली असेल किंवा तुमचा फ्लश लहान असेल, तर फ्लॉपवरही हात आखडता घ्या.